पाहुणा माड आणि घरचा खजूर

उन्हाळ्याच्या सुटीनंतर शाळा उघडली, तेव्हां इयत्ता आठवींतील एका विद्यार्थ्यानें एक रंगीत चित्रपत्र आम्हांस आणून दाखविलें. त्याचे मामा जहाजावर नोकरीस आहेत. त्यांनीं तें अटलांटिक महासागरांतील टेनेरीफ ह्या बेटावरून धाडिलें होतें. चित्रांत निळा समुद्र, पिवळी पुळण आणि पुळणीच्या कडेनें डुलणारे माड. "गुरुजी, हें तर अगदीं आपलें कोंकण!" असें तो म्हणाला. आम्हीं त्यास भिंतीवरच्या नकाशांत टेनेरीफ शोधण्यास सांगितलें. बेट सांपडलें तें उत्तर अक्षांश २८ वर, म्हणजे जवळजवळ दिल्लीच्या रेषेंत. दिल्लीच्या थंडींत माड तग धरीत नाहीं, हें वर्गांतील पुष्कळ मुलांस ठाऊक होतें. मग टेनेरीफास तो कसा वाढतो? आणि वाढतो, तर नारळ धरतो काय?

प्रश्न लहान होता, परंतु त्याचा माग काढतां काढतां आम्ही बरेच दूर गेलों. योगायोग असा कीं, त्याच आठवड्यांत शाळेच्या आवारांत कोणतीं झाडें लावावीं ह्याविषयीं पालकमंडळींत चर्चा चालली होती. कांहीं पालकांचें म्हणणें असें कीं, फाटकापासून सभागृहापर्यंत दुतर्फा बॉटल पामची रांग लावावी, म्हणजे शाळेस शोभा येईल. कांहींचें म्हणणें असें कीं, आवारभर माड लावावे, म्हणजे उत्पन्न तरी होईल. आमची शाळा समुद्रापासून दूर, देशावर. वैशाखांत विहिरीचा तळ दिसूं लागतो. तेव्हां टेनेरीफच्या माडांची हकीकत आमच्यापुरती केवळ भूगोलाची राहिली नाहीं. ती येथें सांगून आमचें मत आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

प्रथम माडाचा स्वभाव ध्यानांत घेतला पाहिजे. वर्षभराचें सरासरी उष्णमान सुमारें २७ अंश सेल्सिअस असावें, पाऊस भरपूर आणि होईल तितका बारा महिन्यांत विभागून पडावा, ऊन मोकळें मिळावें आणि मुळांशीं पाणी सांचून राहूं नये, अशी त्याची अपेक्षा असते. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्याचें त्यास वावडें नाहीं. उलट थोडें मीठ त्यास मानवतें. वावडें आहे तें थंडीचें. उष्णमान दीर्घकाळ २० अंशांच्या खालीं राहिलें कीं त्याची वाढ मंदावते, आणि पाणी गोठण्याइतकें हिंव पडलें तर पानें करपतात. आंब्याची किंवा फणसाची एक फांदी मेली तर दुसरी फुटते. माडास फांद्याच नाहींत. त्याचा सारा जीव शेंड्यांतील एका कोंबांत असतो. तो कोंब गेला कीं झाड गेलें. म्हणूनच जगांतील नारळाच्या मोठ्या बागा बहुतेक विषुववृत्ताच्या दोन्ही अंगांस २० अक्षांशांच्या आंत आढळतात. आपली रत्नागिरी १७ अंशांवर आहे; ती ह्या पट्ट्यांत सहज बसते.

टेनेरीफ हें कॅनरी बेटांपैकीं सर्वांत मोठें बेट. हीं बेटें स्पेन देशाचा भाग असून आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून, जेथें अंतर सर्वांत कमी तेथें, सुमारें १०० किलोमीटरांवर आहेत. तीं ज्वालामुखीच्या उद्रेकांतून वर आलेलीं आहेत. टेनेरीफवरील तेइदे पर्वताची उंची ३,७१५ मीटर आहे. भोंवतालचा समुद्र हा ऊब राखणारें एक मोठें भांडें होय. दिल्लीच्या सभोंवारची जमीन पौषांतील रात्रीं झटकन् निवते. बेटाच्या सभोंवारचें पाणी तसें निवत नाहीं. त्यामुळें टेनेरीफच्या किनाऱ्यावरील सांताक्रूझ शहरीं जानेवारीचें सरासरी उष्णमान १८ अंशांच्या आसपास राहतें आणि तेथें हिंव पडत नाहीं. माड जगतो तो ह्या कृपेमुळें.

परंतु समुद्र एका हातानें देतो आणि दुसऱ्या हातानें कांहीं काढूनही घेतो. ह्या बेटांजवळून उत्तरेकडून येणारा एक थंड प्रवाह वाहतो, त्यामुळें तेथील उन्हाळाही सौम्य असतो. ऑगस्ट महिन्याची सरासरी २५ अंशांच्या थोडी वर जाते, इतकेंच. माडास जी ऊब वर्षभर हवी, ती तेथें ऐन उन्हाळ्यांतही पुरती मिळत नाहीं. पाऊस तर सांताक्रूझ येथें वर्षाकाठीं २५० मिलिमीटरांहूनही कमी. रत्नागिरीस आषाढांतल्या एका चांगल्या आठवड्यांत तेवढा पडून जातो.

आतां नारळाकडे वळूं. माडाची पोय बाहेर पडून उमलते, त्याच्या अडीच वर्षांहून अधिक काळ आधीं तिचा अंकुर शेंड्याच्या पोटांत धरलेला असतो. पोय उमलून फळ धरल्यावर नारळ पुरा पिकण्यास आणखी ११-१२ महिने लागतात. मुलांनो, ह्याचा अर्थ नीट पाहा. गहूं-हरभरा आपण थंडी साधून पेरतों; आंब्याचें फळ मोहर गळल्यापासून कांहीं महिन्यांतच हातीं येतें. नारळास अशी सवड नाहीं. तो कोणत्याही महिन्यांत धरला तरी एक हिवाळा त्यास अंगावर काढावाच लागतो. कोंकणांतला हिवाळा त्यास सोसवतो. टेनेरीफांत मात्र त्या महिन्यांत वाढ अगदीं मंदावते. नवीं पानें थोडीं निघतात. आणि प्रत्येक पोय पानाच्या बेचक्यांतूनच येत असल्यामुळें, पानें कमी तितक्या पोयीही कमी. पुष्कळ बोंडें गळून पडतात. जीं टिकतात त्यांतलीं कित्येक लहान राहतात. बेटाच्या उबदार किनाऱ्यावर, भरपूर पाणी घातलेल्या माडांस नारळ लागतात, हें खरें आहे. परंतु नारळाची बागाईत म्हणून कांहीं धंदा तेथें उभा राहिलेला नाहीं.

अशी गोष्ट एकट्या टेनेरीफाचीच आहे असें नव्हे. उत्तर अटलांटिकांतील बर्म्यूडा बेट ३२ अंशांवर, म्हणजे आपल्या अमृतसरच्याही किंचित उत्तरेस आहे. गल्फ स्ट्रीम ह्या उष्ण प्रवाहाच्या शेजारामुळें तेथें हिंव पडत नाहीं, आणि पाऊसही बारमाही आहे. तेथेंही माड उभे दिसतात; परंतु फळाची प्रत उष्ण प्रदेशांतल्यासारखी उतरत नाहीं. तात्पर्य, जगणें निराळें आणि फळणें निराळें. चित्रपत्रांत पहिलें दिसतें. दुसरें दिसत नाहीं.

हें वाचून कोणी असें समजूं नये कीं, थंड बेटांवर माड लावणाऱ्या माणसांची आम्ही थट्टा करीत आहों. त्यांच्या चिकाटीपासून शिकण्यासारखें पुष्कळ आहे. दक्षिणेकडे तोंड असलेली जागा निवडावयाची. मागें काळ्या खडकाची भिंत असेल तर ती दिवसाचें ऊन साठवून रात्रीं परत देते. वाऱ्यास आडोसा करावयाचा. थंडींत मुळांशीं पाणी तुंबूं द्यावयाचें नाहीं. एवढें करून वर्षांतून दोन-चार पानें अधिक निघालीं कीं ह्या माळ्यांस सण वाटतो. सांताक्रूझ येथेंच ह्या हौसेस विद्येची जोड मिळाली आहे. त्या शहराच्या कचऱ्याची एक प्रचंड टेकडी समुद्रकांठीं सांचली होती. १९८३ सालीं तेथें कचरा टाकणें बंद झालें, आणि पुढें त्याच टेकडीवर केवळ ताड-माड जातीच्या झाडांची सुमारें १२ हेक्टरांची बाग उभारण्यांत आली. २०१४ सालीं ती लोकांस खुली झाली. जगाच्या नाना भागांतील शेंकडों जाती तेथें शेजारीं शेजारीं वाढत आहेत. कोणती जात किती थंडी सोसते, कोणतीस किती पाणी लागतें, हें तेथें डोळ्यांनीं पाहावयास मिळतें. उकिरड्यावर उभी राहिलेली ही पाठशाळाच होय. अशा बागेंत माड असावा, ह्याविषयीं आमचें दुमत नाहीं.

आमची तक्रार निराळी आहे. पुळणीवर, रस्त्यावर आणि हॉटेलांच्या अंगणांत केवळ देखाव्यासाठीं माडांच्या रांगा लावण्याचा जो सोस आहे, त्याविषयीं आम्ही बोलत आहों. २०२३ ह्या एका सालीं कॅनरी बेटांस दीड कोटीहून अधिक प्रवासी येऊन गेले. माड म्हणजे उष्ण प्रदेश, माड म्हणजे सुख, असें चित्र त्यांच्या मनांत घट्ट बसलेलें असतें. आणि गिऱ्हाइकास हवें तें दुकानांत मांडलें जातें. वाळूचीच गोष्ट घ्या. ज्वालामुखीच्या खडकापासून झालेली तेथील मूळ वाळू काळी. परंतु सांताक्रूझजवळच्या तेरेसितास ह्या पुळणीवर १९७३ सालीं सहारा वाळवंटांतील पिवळी वाळू जहाजांनीं आणून पसरली. पुळणीचा रंग बदलला जातो, तेथें तिच्या कांठचीं झाडेंही बदललीं जावीं ह्यांत नवल काय?

पण वाळूस पाणी घालावें लागत नाहीं, माडास लागतें. आपल्याकडे फळता माड उन्हाळ्यांत दिवसाकाठीं ३०-४० लिटर पाणी पितो, हें कोणीही बागाईतदार सांगेल. कॅनरी बेटांत बारमाही वाहणाऱ्या मोठ्या नद्या नाहींत. टेनेरीफच्या लोकांनीं डोंगराच्या पोटांत शेंकडों बोगदे खणून पाणी बाहेर काढलें आहे. लांझारोते ह्या बेटावर तर १९६४ पासून समुद्राचें पाणी यंत्रानें गोडें करून पिण्यास वापरूं लागले. असें कष्टानें मिळविलेलें पाणी फळावयास न येणाऱ्या झाडांच्या रांगेस घालावें काय, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. आणि तो विचारतांना एक गोष्ट आठवावी: ह्या बेटांस स्वतःचें झाड नाहीं असें मुळींच नाहीं.

कॅनरी बेटांवर एक खजूर आपोआप उगवतो. हा त्याच बेटांचा मूळ रहिवासी. अन्यत्र तो दिसतो तो माणसानें नेऊन लावलेला. आपल्या ओढ्याकांठीं जी शिंदी वाढते, तिच्याच कुळांतला हा. मावसभाऊ म्हणा ना. खोड जाड, माथ्यावर शेंकडों पानांचा भरगच्च मुकुट, उंची २० मीटरांपर्यंत. त्याचें फळ लहान व बेचव असतें, परंतु ला गोमेरा ह्या बेटावरचे लोक त्याच्या शेंड्यांतून रस काढतात. रात्रभर पाझरलेला रस ऊन चढण्यापूर्वीं उतरवितात, आणि तो आटवून काकवीसारखा दाट, तपकिरी पाक करतात. नीरा आणि तिचा गूळ ज्यांनीं पाहिला आहे त्यांस हें निराळें समजावून सांगण्याचें कारण नाहीं. हें काम करणारा माणूस झाडाचा कोंब जखमी करतो, पण मारीत नाहीं. नंतर त्या झाडास कांहीं वर्षें विश्रांति देतो. १९९१ सालीं तेथील कायद्यानें ह्या खजुरास त्या बेटांचें मानचिन्ह ठरविलें. त्या हवेंत हजारों वर्षें तावून निघालेलें हें झाड. हिवाळा आला म्हणून त्यास कोणी पांघरूण घालावें लागत नाहीं.

अशा ह्या घरधन्यावर मोठें संकट ओढवलें, तेंही पाहुण्यांच्याच वाटेनें. कोंकणांतील मुलांस सोंड्या भुंगा ठाऊक असेल. लाल रंगाचा, लांब सोंडेचा हा किडा माडाच्या अंगांत अंडीं घालतो. अळ्या आंतला गाभा खातात, आणि बाहेरून झाड बरें दिसत असतांच एके दिवशीं शेंडा कलंडतो. हा किडा मूळचा आपल्याच आशिया खंडांतला. शोभेसाठीं परदेशांतून आणलेल्या वाढत्या झाडांच्या खोडांत दडून तो १९९० नंतरच्या दशकांत स्पेनमध्यें पोहोंचला, आणि २००५ सालीं कॅनरी बेटांत आढळला. त्यास कॅनरी खजूर इतका रुचला कीं भूमध्य समुद्राच्या कांठीं लावलेले असे हजारों खजूर त्यानें आडवे केले. कॅनरी बेटांत मात्र लोक वेळीं सावध झाले. बुंध्याशीं पांच सेंटिमीटरांहून जाड असें कोणतेंही ताड-माड जातीचें झाड बाहेरून आणण्यास २००६ सालीं मनाई झाली, रोगट झाडें शोधून नष्ट केलीं, सापळे लावले, आणि सुमारें दहा वर्षांच्या कष्टानंतर, २०१६ सालीं, कीड समूळ गेल्याचें जाहीर झालें. हा दोष माडाचा नव्हे, हें न्यायानें सांगितलें पाहिजे. दोष आहे तो घाईचा. नारळ रुजवून, रोप वाढवून, पंधरा वर्षें वाट पाहावयाची कोणाची तयारी नसते. तयार वाढलेलें झाड उचलून आणून उद्यां सकाळीं उभें करावयाचें असतें, आणि त्याच्या खोडांत काय आहे तें कोणी पाहत नाहीं.

घरचें झाड एकदां गेलें तर काय होतें, ह्याचें उदाहरण पाहावयाचें तर दुसऱ्या एका महासागरांत गेलें पाहिजे. पॅसिफिकांत, दक्षिण अक्षांश २७ वर, रापा नुई उर्फ ईस्टर बेट आहे. तेथील दगडी पुतळ्यांचीं चित्रें मुलांनीं पाहिलीं असतील. ज्वालामुखीच्या विवरांतील तळ्यांच्या गाळांत सांपडलेल्या परागांवरून विद्वानांनीं असें दाखविलें आहे कीं, ह्या बेटावर एके काळीं एका मोठ्या ताडाचें वन होतें. तें माणसांच्या कुऱ्हाडीनें गेलें, आगींनीं गेलें, कीं बिया कुरतडणाऱ्या उंदरांनीं नाहींसें केलें, ह्यांतील वांटा कोणाचा किती ह्यावर अद्याप वाद आहे. परंतु तें गेलें हें खरें. आज तेथील अनाकेना पुळणीवर माडांची एक सुंदर राई उभी आहे. ते माड १९६० नंतरच्या दशकांत ताहितीहून आणून लावलेले आहेत. प्रवासी त्यांच्या सावलींत बसून म्हणतात, किती रम्य! रम्य आहेच. पण त्या बेटाचें स्वतःचें झाड आतां कोणासही पाहावयास मिळणार नाहीं.

येथें एक आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे. "बाहेरचें तें सर्व वाईट, असें तुमचें म्हणणें काय? कॅनरी बेटांतील केळही बाहेरचीच ना?" होय, केळ मूळची आशियांतली, तरी तीच तेथील शेतकऱ्यांचें मोठें पीक होऊन बसली आहे. आपल्याकडेही काजू आणि मिरची पोर्तुगिजांच्या गलबतांतून आली, आणि आज त्यांच्यावांचून कोंकणी स्वयंपाक सुचत नाहीं. म्हणून झाड कोठून आलें ह्यावर आम्ही त्याची पारख करीत नाहीं. आमची पारख दोन प्रश्नांची आहे: पहिला, तें येथें फळतें काय, म्हणजे घेतलेल्या पाण्याची व श्रमाची परतफेड करतें काय? दुसरा, तें कोणाची जागा घेत आहे? कॅनरींतील केळ पहिल्या प्रश्नास ठणठणीत उत्तर देते. ती पाणी पिते, पण हजारों कुटुंबें पोसते. देखाव्याचा माड दोन्ही प्रश्नांस निरुत्तर होतो. शोभा हीही एक परतफेडच आहे, असें कोणी म्हणेल. मान्य; पण मग घरच्या खजुराची शोभा कमी काय म्हणून?

आमच्या मतें अशा सीमेवरच्या बेटांनीं माडास पाहुण्याचा मान द्यावा, मालकी देऊं नये. विद्येच्या बागेंत, एखाद्या हौशी गृहस्थाच्या परसांत, तो अवश्य असावा. आणि आणावा तो रुजत्या नारळाच्या रूपानें, मोठ्या खोडाच्या रूपानें नव्हे. रस्ते आणि पुळणी मात्र घरधन्याच्या स्वाधीन असाव्या.

आतां आमच्या आवाराकडे येऊं. आमच्याकडे हिंव पडत नाहीं, पण पाण्याची ओढ तीच आहे. आवारभर माड लावून त्यांस वैशाखांत पाणी कोठून घालावयाचें, हें सुचविणाऱ्यांनीं सांगावें. दोन माड मात्र आम्हांस हवे आहेत: ते मुलांच्या हातपाय धुण्याच्या मोरीजवळ लावावे. देशावरच्या आपल्या आजीबाईंनीं न्हाणीच्या पाण्यावरच माड वाढविला, आणि त्यानें त्यांस सणावारीं नारळ दिले. त्यांत मोठें शहाणपण होतें. बॉटल पामची रांग नको. तो क्यूबाकडचा पाहुणा. त्याची ना दाट सावली, ना खाण्याजोगें फळ. आवाराच्या खालच्या अंगास जो ओढा जातो, त्याच्या कांठीं शिंदी लावावी. तिच्या फळांवर पांखरें येतील, पानांच्या चटया व केरसुण्या होतील, आणि पहिलीं दोन वर्षें जपलें कीं पुढें तिला आमची आठवणही येणार नाहीं. फाटकाजवळ कडुनिंब आणि चिंच असावी.

हें सर्व हळू वाढेल. आज आठवींत असलेला विद्यार्थी शाळा सोडून जाईल तेव्हां शिंदी त्याच्या कमरेइतकीही झालेली नसेल. पालकांस ही गोष्ट कदाचित् रुचणार नाहीं. मुलांच्या बाबतींतही आपणांस तयार वाढलेलें झाड उचलून आणून उभें करण्याची घाई असते, आणि शेजाऱ्याच्या अंगणांतलें झाड आपल्या अंगणांत कां फळत नाहीं म्हणून आपण त्या झाडावरच रागावतों. ह्याविषयीं अधिक लिहीत नाहीं. ज्याच्या घरीं मूल आहे तो समजेल.

झाडांविषयीं ज्या पालकांचें मत आमच्याहून निराळें असेल, त्यांनीं तें अवश्य कळवावें. खड्डे अजून खणावयाचे आहेत.